आडवी धरून बघा

अब्बा,

समोरच्या प्लॉटवर आज सकाळपासून आंबा कापतायत. इथं माझ्या सासरी, नांद्यात आता झाड पडणं ही काही बातमी राहिलेली नाही. भात गेलं, बांध गेले, मग एका आंब्याचं काय कौतुक. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, पण कान त्या करवतीकडे लागलेले. पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. सरळ धरली की गुरगुरते, आडवी करून खोडाला लावली की मान टाकते. मग दोरी ओढायची, परत गुरगुर, परत गप्प. थोडा वेळ ऐकलं आणि मी विळी बाजूला सारली. इंजिनाचं दुखणं आधी कानाला कळतं, मग हाताला, असं तुम्ही म्हणायचात. तुमची बरीच वाक्यं मी घासून घासून पुसली, हे काही पुसलं गेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या जनाज्याला ज्यांनी खांदा दिला त्यातलेही बरेचजण आता तुमच्याच शेजारी आहेत. तेव्हा हे पोचवायचं कुठे हा प्रश्नच नाही. पण मला बोलायचं आहे, आणि गोड बोलणार नाही, हे आधीच सांगते.

पौडच्या बाजारातलं आपलं दुकान आठवतंय ना? पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये दार म्हणून लटकवलेलं गोणपाट. अम्मा गेल्यापासून गोणपाटाच्या अलीकडचं सगळं माझं आणि पलीकडचं सगळं तुमचं. भाऊ पुण्यात कंपनीत लागलेला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, पांढरा शर्ट घालून, आणि दुकानाच्या पायरीवर बसतानासुद्धा आधी रुमाल अंथरायचा. तुम्ही मात्र सकाळी नमाज झाली की त्या काळ्या ओट्यावर बसायचात. रॉकेलवर चालणारी पाण्याची इंजिनं, फवारणीचे पंप, एखादी मोपेड, एखादी जीप. कोळवण खोऱ्यातून, पार धरणाच्या बाजूनं माणसं इंजिन बैलगाडीत घालून आणायची आणि पिंपळाखाली बैल सोडून तुमच्यापुढे उकिडवी बसायची. तुमचा हात लागला की इंजिन बोलतं, अशी तुमची ख्याती होती. आणि ती खरीही होती, तुमचा उजवा हात थरथरायला लागला तोपर्यंत.

तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत. मलाही नाही. मला कळलं ते चहाच्या बशीवरून. बशी ओठाला लावेपर्यंत निम्मा चहा सदऱ्यावर. स्पॅनर धरायला तुमचा हात चालायचा, हातोडा मारायलाही चालायचा, पण इंजिनाला पेट्रोल-हवा पाजणाऱ्या कार्ब्युरेटरच्या आतला तो ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी जेट काढायचा म्हटलं की बोटं ऐकेनात. एक दिवस तुम्ही गोणपाट बाजूला केलंत आणि जर्मनच्या ताटलीत सुटं केलेलं कार्ब्युरेटर माझ्यापुढे ठेवलंत. मी परातीत पीठ मळत होते. हात धू आणि हे साफ कर, एवढंच म्हणालात. मी जेटच्या भोकात बारीक तार घातली आणि तुम्ही माझ्या मनगटावर अशी चापट मारलीत की जेट उडून पिठात पडला. "तार घालतीस? भोक मोटं झालं तर इंजिन पेट्रोल पिऊन मरंल. फुंकर मार. तोंड कशाला दिलंय?" मी फुंकर मारली. तो जेट पिठातून शोधून काढला, पेट्रोलनं धुतला, उजेडात धरला, आणि त्या इवल्याशा भोकातून मला पिंपळाचं एक पान दिसलं. तो माझा पहिला धडा. भाकऱ्यांना त्या दिवशी पेट्रोलचा वास होता आणि तुम्ही मुकाट्यानं खाल्ल्यात.

मग ते रोजचंच झालं. ताटली गोणपाटाखालून आत यायची, मी काम करायची, ताटली बाहेर जायची. पेट्रोलचं माप ठरवणारी सुई किती घट्ट करायची, तर दोन बोटांनी, अंगठा आणि तर्जनीनं, टेकली की थांबायचं. तिसरं बोट लावलं तर जागा बिघडते. मग किती उलटी फिरवायची ते कानानं ठरवायचं. सांधा गळू नये म्हणून घालायच्या गॅस्केटसाठी पुठ्ठा कसा तेलात भिजवायचा, कातरीनं नाही तर हातोडीच्या हलक्या टोल्यांनी कडेवर कसा कापायचा. हे सगळं तुम्ही शिकवलंत, हे मी नाकारत नाही. मी असल्या बाबतीत खोटं बोलणारी नाही, ते तुमच्याकडे. बाहेर गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, हात हाय का काय तुमचा! आणि तुम्ही मिशीत हसायचात. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचा राग नव्हता, उलट गंमत वाटायची. गोणपाटाआड बसून आपण दुरुस्त केलेलं इंजिन बाहेर धडधडताना ऐकणं, यासारखं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही. पोरं झाली तेव्हाही नाही. हे वाईट दिसतं, पण लिहिते.

आणि मग ते वाक्य. रमजान होता, रोजा सोडून तुम्ही जेवायला बसला होतात. हातातला घास तसाच धरून, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "त्यो काय पुन्याहून माघारी येत न्हाई. ह्ये दुकान तुलाच बगायचंय." बस. पुढे एक अक्षर नाही. पण माझ्यासाठी तेवढं कागदावर लिहून दिल्यासारखं होतं. मामू त्या वर्षी दोन स्थळं घेऊन आले, मी दोन्हीला नाही म्हटलं. त्यांनी मला वेडी ठरवलं. तुम्हीही त्यांना काही सांगितलं नाहीत. मला वाटलं, वेळ आली की सांगाल. बापाच्या तोंडी आश्वासनावर पोरीनं विसंबावं का, हे तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता करवतीचं. तो लाकडाचा ठेकेदार तुम्हाला आठवत असेलच, पायात बूट आणि तोंडात तंबाखू. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं ती करवत आणली होती. परदेशी, रंग उडालेली, कुठल्या लिलावातून आलेली देव जाणे. आपल्या भागात तेव्हा अशी करवत कुणी बघितलीही नव्हती, दोघांनी ओढायची लांब करवत तेवढी माहीत. बघायला बाजार लोटला. ती सुरू व्हायची, खोकायची आणि मरायची. तुम्ही तिचं कार्ब्युरेटर उघडलंत, उलटंसुलटं करून बघितलंत. मग ताटली आत आली. त्या कार्ब्युरेटरला खालची वाटीच नव्हती. आपण जन्मभर उघडलेल्या प्रत्येक कार्ब्युरेटरला पेट्रोलची वाटी असायची, वाटीत तरंगणारा फ्लोट, पेट्रोल भरलं की फ्लोट वर येऊन सुई बंद करणार. इथं वाटी नाही, फ्लोट नाही. नुसता एक चपटा डबा आणि त्यात कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ रबरी डायफ्रॅम, वाळून कडक झालेला, कडेला तडकलेला. तुम्ही गोणपाटातून डोकं आत घालून म्हणालात, आर्धा माल काडून घेतलाय कुनीतरी, ह्याला वाटीच न्हाई. नाचता येईना, अंगण वाकडं.

मी मात्र त्या डायफ्रॅमवर बोट ठेवून बसले होते. चूल विझली तरी मला कळलं नाही. बोटानं दाबला की खालची बारीक पट्टी हलते, पट्टी हलली की सुई उघडते. म्हणजे फ्लोटचं काम हाच करतो. पण फ्लोट का नाही घातला? मी चुलीजवळचा पाण्याचा लोटा उचलला, आडवा केला, पाणी सांडलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. करवत आडवी धरावी लागते. झाड उभं असतं, मग ते कापायला करवत आडवीच धरणार ना? वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जाईल, फ्लोट वेडावाकडा होईल, इंजिन एक तर तहानेनं मरेल नाहीतर बुडून मरेल. डायफ्रॅमला उलटंसुलटं काही नसतं. ज्यानं कुणी ते बनवलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं मला.

मी तुम्हाला हे सांगितलं, आठवतं? तुम्ही पान लावत होतात. आपल्याकडे जीपचा जुना पेट्रोलपंप पडलेला होता, त्याच्या आतला डायफ्रॅम कापडाच्या पातळ थरांचा असतो. त्यातला एकच थर सोलून मी नवीन कापते, जुन्याचं मधलं बटण काढून त्याला बसवते, दोन दिवस द्या, असं मी म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत. ऐकून घेतलंत म्हणूनच मला अजून राग येतो. ऐकलंच नसतं तर मी म्हणाले असते, माणसाला कळलं नाही. मी थर सोललासुद्धा, अर्धा कापलासुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदार येऊन बसला, पावसाआधी कोळवणची झाडं पाडायचीत म्हणून नाचायला लागला, आणि तुम्ही भंगारातल्या मोपेडचं कार्ब्युरेटर काढलंत. वाटीवालं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडून जोड केलात, थरथरत्या हातानं, घाम गाळत, माझ्या मदतीशिवाय. त्या कामासाठी ताटली आत आली नाही. मला वाटतं, तुम्हाला एकदा तरी सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं काहीतरी करून दाखवायचं होतं.

ओट्यावर ती करवत जी चालली, काय सांगू. एका दोरीत सुरू. आवाज असा की पिंपळावरचे कावळे उडाले. ठेकेदारानं तुमच्या पाठीवर थाप मारली. त्याचा करवत चालवणारा माणूस, कोळवणकडचा, शांत, बारीक अंगाचा, दुकानाच्या कोपऱ्यात गोणपाटाला जवळजवळ टेकून बसला होता. त्याची पाठ मला गोणपाटावर उमटलेली दिसत होती. आणि मी बोलले. परक्या माणसांसमोर मी कधी बोलायची नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी बोलले.

"अब्बा, आडवी धरून बगा की येकदा."

इंजिन बंद झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही क्षणभर थांबलात, ते मला गोणपाटाच्या विरलेल्या जागेतून दिसलं. तुमचा हात करवतीच्या मुठीवर होता. नुसतं मनगट वळवायचं होतं, अब्बा. एवढंच.

"तू भाकरी बग," तुम्ही म्हणालात. "करपतीया."

सगळे हसले. ठेकेदार तर तंबाखू थुंकून हसला. तव्यावर भाकरी नव्हतीच. चूल पेटवलेलीच नव्हती. हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो माणूस करवत खांद्यावर टाकून जीपमध्ये चढला आणि धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.

पुढचं तुम्ही कधी तोंडानं उच्चारलं नाहीत, म्हणून मी लिहिते. कोळवणला नदीच्या अंगाला जुनं जांभळाचं झाड होतं. करवत सरळ धरली की चालायची, खोडाला आडवी लावली की बंद. तो बिचारा मग परत सरळ करायचा, दोरी ओढायचा, चालू असतानाच घाईनं आडवी करून जेवढं कापेल तेवढं कापायचा, की परत बंद. असं तुकड्यातुकड्यानं त्यानं निम्म्याहून जास्त खोड पोखरलं. ठेकेदार सावलीत बसून ओरडत होता. शेवटी तो करवतवाला खोडाच्या बुडाशी गुडघा टेकून दोरी ओढत होता, तेव्हा वाऱ्याची झुळूक आली आणि उभं खोड फाटून खाली आलं. जीव वाचला. उजवं पाऊल गेलं. पुण्याला नेईपर्यंत त्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग त्याचे भाऊबंद आले. ठेकेदार त्यांच्यात आघाडीवर, कारण वड्याचं तेल वांग्यावर काढायची त्याला सगळ्यात घाई. मिस्त्री, काय बसवलंत, कसलं बसवलंत, दुकान पेटवतो, असा कालवा. मी आत होते. त्या दिवशी मात्र चूल पेटलेली होती. आणि मी तुमचा आवाज ऐकला, अगदी शांत, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणताना असायचा तसा.

"कार्ब्युरेटर पोरीनं बसवलं. माजा हात चालत न्हाई. समदं तीच करती."

इतकी वर्षं, शेकडो इंजिनं. माझ्या हातानं चाललेल्या एकाही इंजिनावर तुम्ही माझं नाव सांगितलं नव्हतंत. जे एकच काम मी केलं नव्हतं, जे तपासून बघा म्हणून मी सगळ्यांसमोर बोलले होते, त्यावर तुम्ही माझं नाव घातलंत. कुणीतरी म्हणालं, बायकामानसाच्या हातात दिलं व्हय मिस्त्री? आणि त्यांचा राग बघता बघता उतरला. बाईमाणसाला काय मारणार? पोरीची जात, काय बोलणार? ठेकेदारानं तुम्हाला दोन शब्द सुनावले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्याला आणि ते निघून गेले. मी तव्यावरची भाकरी उलटली. तिच्यावर करपल्याचा एक डाग नव्हता.

तुम्ही जेवायला आत आलात तेव्हा मी विचारलं, मी बसवलं? तुम्ही म्हणालात, तुला कोन मारनार हाय, मला मारलं आसतं, दुकान गेलं आसतं. हिशेब बरोबर होता तुमचा, चूक काढता येणार नाही. मी विचारलं, मग दुकान कुनाचं ऱ्हायलं? तुम्ही भाकरी मोडलीत आणि पाणी मागितलंत. मी दिलं. त्यानंतर आपण बापलेक म्हणून एकमेकांशी बोललो असं मला आठवत नाही. मीठ, पाणी, दिवा लाव, दार ओढ, एवढंच.

पुढचं भराभर झालं. बाजारात बोभाटा झाला की मिस्त्र्याची पोरगी यंत्राला हात लावते आणि माणसं लंगडी करते. भाऊ कंपनी सोडून आला. कंपनीनंच त्याला काढलं असं नंतर कळलं, पण आला तो दुकान वाचवायला आल्यासारखा. गोणपाट निघालं आणि तिथं विटांची भिंत आली, गवंड्याच्या हाताखाली तुम्ही स्वतः घमेलं उचलत होतात. आणि मामूंनी तिसरं स्थळ आणलं, ते मी नाकारलं नाही. कुणाच्या जिवावर नाकारणार होते? माणूस चांगला होता, तुमचे जावई, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सासूला मात्र सगळी हकीगत पौडहून पोचलेली. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की ती आधी मला घरात पाठवायची आणि मग मिस्त्री बोलवायची. मिस्त्री तीन तास घाम गाळायचा. मला दारात उभ्या उभ्या कळायचं की जेटमध्ये कचरा आहे. फुंकर मारा, एवढं सांगायचं होतं. सांगितलं नाही. भात वाळून गेलं एका वर्षी, तरी सांगितलं नाही. माझ्या जिभेचं तुम्ही पक्कं गॅस्केट केलं होतं.

निकाहात तुम्ही मला शिवणयंत्र दिलंत. लोकांनी वाहवा केली. मला हसू आलं होतं. यंत्रच हवं ना तुला, मग हे घे, बाईमाणसाला शोभेल असं. नांद्याला आल्यावर मी त्याचा खण उघडला. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं ते कार्ब्युरेटर होतं. करवतीचं, बिनवाटीचं. आणि त्याच्या आत मी अर्धवट कापलेला तो कापडाचा थर, घडी न करता, नीट सपाट ठेवलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. माफी मागायची होती तर तोंड होतं ना, अब्बा? चारचौघांत माझं नाव घ्यायला ते बरं उघडलं होतं. त्या दिवशी मी खण इतक्या जोरात ढकलला की त्याची मूठ निघाली.

पाऊल गेलेला तो माणूस मला पुन्हा भेटला. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. आमच्या रस्त्याला पहिली इमारत उभी राहत होती तिथं वॉचमन म्हणून आलेला, कुबडी घेऊन. मी त्याला कधी समोरून बघितलंच नव्हतं, नुसती पाठ बघितलेली, त्यामुळं ओळखायचा प्रश्नच नव्हता. एक दिवस मी दारात दूधवाल्याशी भांडत होते, आणि तो रस्त्यापलीकडून चालत आला. पौडच्या मिस्त्र्यांची लेक का तुमी, म्हणाला. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, आवाजावरनं. मी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, ते कार्ब्युरेटर मी बसवलं नव्हतं. एवढी वर्षं ते वाक्य घशात होतं, कुणाला तरी एकदाचं सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला, बशी नीट खाली ठेवली.

"मला म्हाईत हाय, ताई. तुमी आडवी धरून बगा म्हनला व्हता. मी टेकूनच बसलो व्हतो. जीपमदी बसताना बी डोक्यात त्येच व्हतं. पर मिस्त्री हिकडच्या अंगाला आन् तुमी गोनपाटाआड. मी हिकडच्या अंगाचं ऐकलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. तो उठला, कुबडी काखेत घेतली आणि कामावर गेला. मी त्या दिवशी पहिल्यांदा तो खण परत उघडला. तो थर पुरा कापला, शिवणाच्या कातरीनं. जुन्या डायफ्रॅमचं बटण काढून बसवलं, भोकं पाडली, आधी गॅस्केट मग डायफ्रॅम ठेवून झाकण घट्ट केलं, सुया दोन बोटांनी टेकवून उलट्या फिरवल्या. माझी बोटं अजून थरथरत नाहीत. चालेल का, ते कळायला मार्ग नाही. ती करवत कधीच भंगारात गेली. बिनकरवतीचं कार्ब्युरेटर घेऊन मी बसले आहे.

समोरची करवत मघाशी नीट चालायला लागली. मी खिडकीतून बघितलं. त्या माणसानं पिशवीतून खोकं काढलं, नवीन कार्ब्युरेटर बसवलं आणि जुनं राडारोड्यावर भिरकावलं. उघडूनसुद्धा बघितलं नाही. आता कुणी उघडत नाही. आंबा दुपारपर्यंत आडवा झाला. जमिनीवर पसरलेल्या पानांत कैऱ्या होत्या, त्या शेजारच्या बायका वेचून घेऊन गेल्या.

तुमच्या कबरीवर मी कधी आले नाही. बायका आत जात नाहीत. पौडला आले की कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहते, फातेहा पढते आणि निघते. तिथंही तुम्ही त्या अंगाला आणि मी ह्या अंगाला. तिथं उभी राहून मी दर वेळी तुमच्याशी भांडते, आणि दर वेळी भांडण एकाच जागी येऊन थांबतं. ज्याला आपली पोर चुकीची वाटत होती, तो तिचा कापलेला थर एवढा जपून, सपाट ठेवील का? तो थर ठेवणाऱ्या माणसाला सगळं कळलेलं होतं. मी बरोबर होते हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते सांगायची तुमची तेवढीच ताकद होती, असं मी धरून चालले. तुमचा राग राग करत का होईना, मी त्याच समजुतीवर जगले.

हा कागद त्याच खणात जाईल. जाताना एक कबूल करते. निकाहाच्या आदल्या दिवशी शिवणयंत्र पुसायला, त्याला तेल द्यायला भाऊ बसला होता. दुकानातला पसारा आवरणं तेव्हा चालूच होतं. खणात ते कार्ब्युरेटर तुम्ही ठेवलंत, की त्यानं ओट्यावरची अडगळ हाताला लागली तशी आत कोंबली, हे त्याला ठाऊक आहे. तो अजून पौडलाच आहे. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी त्याला कधी विचारलेलं नाही.